रंकाळ्यावरचा फोटो आणि चार आरोप

दोषारोपपत्राला परिशिष्ट 2 म्हणून जोडलेल्या कागदावर दोन माणसं होती, पण चेहरे ओळखू येत नव्हते. मोबाइलमधला फोटो, त्याची प्रिंट, त्या प्रिंटची झेरॉक्स. शाई पसरून दोन्ही चेहरे काळे पडलेले. स्पष्ट दिसत होतं ते बाईच्या हातातलं भाजलेलं कणीस, आणि मागे रंकाळा तलावाच्या पाण्यात अर्धी बुडालेली संध्यामठाची दगडी वास्तू. पुरुषाचा एक हात तिच्या खांद्यावर होता, दुसऱ्या हातात छत्री. जुलै 2022 मधला रविवार, संध्याकाळची वेळ. या कागदाच्या जोरावर कोल्हापुरातल्या एका अनुदानित माध्यमिक शाळेनं चौदा वर्षं नोकरी झालेल्या विज्ञानाच्या शिक्षिकेला घरी बसवायची तयारी केली होती.

मी त्या चौकशी समितीची सदस्य होते. खासगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांसाठी आपल्याकडे 1977 चा सेवाशर्ती कायदा आहे आणि त्याखालची 1981 ची नियमावली. सेवेतून काढण्यासारखी मोठी शिक्षा द्यायची तर तिघांच्या समितीपुढे चौकशी व्हावी लागते. एक माणूस संस्थेचा, एक राज्य किंवा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेल्या शिक्षकांच्या यादीतला, आणि एक कर्मचाऱ्यानं स्वतः निवडलेला, कुठल्याही खासगी शाळेत नोकरीला असलेला. तिनं मला निवडलं. आमची ओळख दहावीच्या पेपर तपासणीतली. कोल्हापूर विभागीय मंडळाकडे कोल्हापूर, सांगली, सातारा असे तीन जिल्हे. त्या गठ्ठ्यांवर मी नियामक, म्हणजे तपासलेले पेपर पुन्हा पाहणारी होते आणि ती परीक्षक. आकृतीतल्या बाणाचं टोक अवयवाला टेकलेलं नाही पण पोरानं नाव बरोबर लिहिलंय, त्याला अर्धा गुण द्याच, म्हणून ती माझ्याशी पाऊण तास भांडली होती. त्यापलीकडे तिच्या घरचं मला काही माहीत नव्हतं, आणि माहीत असायचं कारणही नव्हतं.

हे सगळं तिच्या संमतीनं लिहिते आहे. माणसांची, शाळेची, संस्थेची नावं घेणार नाही.

झालं होतं ते असं. 2019 पासून ती नवऱ्यापासून वेगळी राहत होती. मूल नाही. नवरा संमतीनं घटस्फोट द्यायला तयार नव्हता, म्हणून हिनं एकटीनं दावा घातला, आणि तारखा पडत राहिल्या. मधली दोन वर्षं कोरोनात गेली. 2021 च्या शेवटी ती फुलेवाडीकडे एका भाड्याच्या घरात राहायला गेली. सोबत फोटोतला तो माणूस होता. उद्यमनगरात त्याचं छोटं वर्कशॉप, स्वतः घटस्फोटित. घरमालकाला दोघांनी खरं काय ते सांगितलं होतं. शाळेत तिनं कुणाला काही सांगितलं नव्हतं.

मग तो रविवार. कुणीतरी लांबून फोटो काढला आणि नववीच्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं होतं, "ह्या आपल्या मुलींवर संस्कार करणार का?" सोमवारी मधल्या सुट्टीपर्यंत तो फोटो शिपायापासून सचिवांपर्यंत सगळ्यांच्या फोनवर होता. बुधवारी तेवीस सह्यांचा अर्ज आला. गुरुवारी मुख्याध्यापकांनी तिला बोलावून तोंडी सांगितलं, उद्यापासून रजेवर जा, वातावरण निवळेपर्यंत.

इथे जरा थांबते, कारण या "रजेवर जा"नं अनेक शिक्षकांचं वाटोळं झालेलं मी पाहिलंय. नियमावलीत सक्तीची रजा नावाची गोष्टच नाही. निलंबन आहे, आणि त्यासाठी शिक्षणाधिकाऱ्यांची आधी परवानगी लागते. परवानगीनं निलंबित झालेल्याला निर्वाहभत्ता मिळतो, पहिले चार महिने अर्ध्या पगाराच्या हिशेबानं. तोंडी सांगून घरी पाठवलेल्याला काहीच मिळत नाही. उलट महिन्याभरानं तोच माणूस "विनापरवानगी गैरहजर" ठरतो, आणि मूळ आरोप बाजूला राहून गैरहजेरीचा नवा, सिद्ध करायला सोपा आरोप तयार होतो. शिक्षक संघटनेतल्या एका जुन्या सरांनी तिला वेळेवर सावध केलं. रोज सकाळी पावणेअकराला ती शाळेच्या फाटकाशी जायची, "मी कामावर हजर होण्यासाठी आले आहे" असं पत्र आवक विभागात द्यायची. क्लार्क घ्यायला कचरला की मिरजकर तिकटीच्या बाजूनं पोस्टात जाऊन तेच पत्र रजिस्टर एडीनं पाठवायची. समितीच्या पहिल्या बैठकीत तिनं त्या पावत्यांचं पुडकं टेबलावर ठेवलं. रबरबँडनं बांधलेल्या एकतीस पावत्या. पावसात भिजून काहींची शाई उडाली होती, म्हणून प्रत्येकीच्या मागे तिनं पेन्सिलनं तारीख लिहिली होती.

निलंबनाची परवानगी काही मिळाली नाही. शिक्षण विभागानं उलट विचारलं, आरोप नेमका काय ते कळवा. तेव्हा संस्थेनं तिला हजर करून घेतलं, वर्ग मात्र दिले नाहीत. ती प्रयोगशाळेत बसून काचसामान पुसायची आणि जडसंग्रह नोंदवही, म्हणजे साहित्याची यादी, लिहायची. ऑगस्टअखेर दोषारोपपत्र निघालं.

आरोप चार. पहिला, विवाह अस्तित्वात असताना परपुरुषाबरोबर राहून नैतिक अधःपतन. दुसरा, सार्वजनिक ठिकाणी शिक्षकी पेशाला न शोभणारं वर्तन. तिसरा, पालकांचा विश्वास गमावून संस्थेची बदनामी. चौथा, दोन दिवस मस्टरवर सही करून मधल्या सुट्टीनंतर शाळेतून निघून जाणं.

पहिल्या आरोपावर आमच्या तीन बैठका गेल्या. नियम 28 मध्ये नैतिक अधःपतन म्हणजे काय ते दिलंय. विद्यार्थी, विद्यार्थिनी किंवा कर्मचारी यांच्याशी असभ्य अथवा अनैतिक वर्तन, आणि तत्सम स्वरूपाचं इतर कृत्य. संस्थेच्या सदस्यांचा सगळा भर त्या "तत्सम"वर होता. ते समितीचे निमंत्रक होते आणि पेशानं वकील नसले तरी कागद नीट वाचून येणारे गृहस्थ. त्यांचं म्हणणं, अनैतिक ते अनैतिक, मग ते शाळेत असो की फुलेवाडीत. माझं म्हणणं, तत्सम म्हणजे त्यासारखं. वरच्या ओळीत जे लिहिलंय त्याचं मर्म काय? शिक्षकाच्या हातात सत्ता असते. मार्क, हजेरी, शिफारस, दटावणी, सगळं त्याच्या हातात. त्या सत्तेखालच्या मुलावर किंवा सोबतच्या कर्मचाऱ्यावर हात टाकणं हा शाळेशी केलेला द्रोह आहे. त्यासारखं म्हणजे त्या जातीचं. शिकवणीला येणाऱ्या पोरीला त्रास देणारा, माजी विद्यार्थिनीच्या मागे लागणारा, सहलीत नको ते करणारा, हे सगळे त्यात येतील आणि यायलाच हवेत. तिथे "माझं खासगी आयुष्य" म्हणायची सोय कुणालाच नाही. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा 2012 चा पोक्सो कायदा त्यासाठीच आहे. पण दोन सज्ञान माणसं, त्यांच्या नात्याचा शाळेशी संबंध नाही, ती एका घरात राहतात. याला त्या ओळीसारखं कसं म्हणायचं?

निमंत्रकांनी मग व्यभिचाराचा मुद्दा काढला. मी माझं लेखी टिपण वाचून दाखवलं. भारतीय दंड संहितेचं कलम 497 सर्वोच्च न्यायालयानं 27 सप्टेंबर 2018 ला रद्द केलं. आणि ते होतं तेव्हाही त्यात शिक्षा पुरुषाला होती, बाईला कधीच नव्हती. म्हणजे या बाईनं जे केलं तो गुन्हा आज नाही, कालही नव्हता. त्याआधी 24 ऑगस्ट 2017 ला नऊ न्यायाधीशांच्या पीठानं खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. घटस्फोटाच्या दाव्यात व्यभिचार हे कारण अजून आहे, ते असू दे. तो नवरा-बायकोमधला हिशेब, तो मांडायला त्यांना वेगळं न्यायालय आहे.

"मग लग्न करून राहायला काय झालं होतं?" हा प्रश्न निमंत्रकांनी विचारला, मुख्याध्यापकांनी विचारला, अर्जावर सही केलेल्या दोन पालकांनीही विचारला. खरं उत्तर इतकं सरळ होतं की ते कुणाला सुचलं नाही. घटस्फोटाचा हुकूम झाल्याशिवाय तिनं लग्न केलं असतं तर तो मात्र नक्की गुन्हा झाला असता. कायद्यानं तिला एक दार बंद केलं होतं, आणि दार का उघडलं नाहीस म्हणून शाळा तिला जाब विचारत होती.

"समाजाची नजर" हा शब्द त्या खोलीत किती वेळा उच्चारला गेला ते मी मोजलं नाही, पण शेवटी मला राहवलं नाही. मी म्हटलं, शिक्षक आणि समाजाची नजर हे काही या रविवारी सुरू झालेलं नाही. 1893 साली धोंडो केशव कर्वे फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत होते तेव्हा त्यांनी एका विधवेशी लग्न केलं. त्यांच्या गावानं, मुरुडनं, त्यांना वाळीत टाकलं. सख्ख्या आईला त्याचा जाच झाला. पण कॉलेजनं त्यांची नोकरी काढली नाही, 1914 पर्यंत ते तिथे गणितच शिकवत राहिले. त्यांचेच चिरंजीव रघुनाथराव मुंबईत विल्सन कॉलेजात गणित शिकवत होते. संततिनियमनाचा उघड पुरस्कार केला म्हणून 1925 मध्ये त्यांना ती नोकरी सोडावी लागली. बाप आणि मुलगा दोघांचंही गणित चांगलं होतं. एका कॉलेजनं वर्गात काय चाललंय ते पाहिलं, दुसऱ्यानं वर्गाबाहेरचं. आणि कोल्हापूरचं बोलायचं तर 1919 साली आंतरजातीय विवाहाला कायद्याची मान्यता देणाऱ्या राजाची जयंती आपण दर 26 जूनला साजरी करतो. समाजाची नजर प्रमाण मानली असती तर तो कायदा झालाच नसता. निमंत्रक काही बोलले नाहीत. पाणी प्यायले. त्यांनी ते मनावर घेतलं असं मला तेव्हा वाटलं, आणि आजही वाटतं.

आता साक्षी. संस्थेला दहावीच्या चार मुलींना साक्षीला बोलवायचं होतं. त्याला मी पहिल्याच दिवशी कडाडून विरोध केला. पंधरा वर्षांच्या पोरींना तीन प्रौढ माणसांपुढे उभं करून तुमच्या बाईंबद्दल तुम्हाला काय वाटतं असं विचारणं हेच मोठं पाप झालं असतं. पुरस्कारप्राप्त सदस्य माझ्या बाजूनं उभे राहिले, तो विषय मिटला.

आल्या त्या एका मुलीच्या आई. शिवाजी पेठेत त्यांचं शिवणकामाचं दुकान. अर्जावर त्यांची सही दुसरी होती. खुर्चीच्या टोकावर बसल्या आणि कुणी विचारायच्या आधीच बोलायला लागल्या.

"मी काय वाईट बोलत न्हाई ओ बाई. शिकवत्यात त्या चांगलं. खरं माझी पोरगी वयात आल्या. उद्या ती म्हणली, बाई राहत्यात तसं मी पण राहतो, तर मी काय सांगू? मी एकटी पोरीला सांभाळतो. गल्लीत माझ्याकडं बोट दाखवायला लोक टपल्यातच."

मी त्यांना उलटतपासणीत गाठू शकले असते. गाठलं नाही, कारण त्यांची भीती खरी होती. एकट्या बाईनं वाढवलेल्या मुलीवर गल्लीचा डोळा असतो, आणि त्या डोळ्याला काय खाद्य मिळेल याची धास्ती त्या आईला रात्री झोपू देत नव्हती. मी एवढंच विचारलं, या वर्षी मुलीला विज्ञानात काय अडलं? त्या क्षणभर गोंधळल्या. मग म्हणाल्या, अडलं न्हाई काही. मग हळूच, आवाज खाली घेऊन, "पाळीचं आणि त्ये सगळं आमच्यात कोण सांगत न्हाई. त्या बाईंनी वर्गात समद्यांना सांगितलं. पोरगी घरी येऊन मलाच शिकवाय लागली."

दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात प्रजननाचा धडा आहे. आमच्या शाळांत हा धडा "घरी वाचून या" म्हणून उरकायची जुनी रीत आहे; मीही नोकरीच्या पहिल्या वर्षांत तो तसाच उरकलाय, हे कबूल करायला हवं. ही बाई मुला-मुलींना एकत्र बसवून फळ्यावर आकृती काढून शिकवायची. तिचं पाठाचं टाचण मी पाहिलं. त्या धड्यासमोर तिनं लिहिलं होतं, "मुलं हसतील, हसू द्यावं, दुसऱ्या तासाला हसणं थांबतं." वर्गात काय चाललंय याचा यापेक्षा चांगला पुरावा मला माहीत नाही. त्या आईची साक्ष संस्थेच्या बाजूनं म्हणून नोंदवली गेली, पण ती पूर्ण नोंदवली जाईल याची काळजी मी घेतली, पाळीच्या वाक्यासकट.

मुख्याध्यापकांच्या साक्षीत वेगळंच बाहेर आलं. सचिवांना आणि त्यांना त्या बाईच्या संसाराशी फारसं घेणंदेणं नव्हतं. त्यांना भीती पटसंख्येची होती. पेठेतली मराठी शाळा. दर जूनला दहा-वीस मुलं इंग्रजी माध्यमाकडे जातात. पट घसरला की संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरतात त्यात, पद कमी होतं, पद कमी झालं की कुणीतरी अतिरिक्त ठरतं आणि समायोजनाच्या यादीत दुसऱ्या तालुक्यात फेकलं जातं. तेवीस पालकांनी पोरी काढल्या असत्या तर एक तुकडी गेली असती. "मॅडम, तुम्ही सांगा, तिच्यापायी माझा कनिष्ठ शिक्षक घरी बसायचा का?" असं त्यांनी मला विचारलं. स्टाफरूममधल्या सहकाऱ्यांनी तिच्याशी बोलणं टाकलं त्याचं मूळही इथेच होतं. ज्यांना तिच्या राहण्याचं काही वाटत नव्हतं तेही गप्प होते, कारण प्रत्येकाला आपलं पद मोजता येत होतं. नीतीची भाषा वरवरची, खाली सगळा पोटाचा प्रश्न. त्यांचा मला राग आला नाही. पण त्याचं उत्तर एका बाईला बाहेर काढणं हे असू शकत नाही. आज ही, उद्या आंतरधर्मीय लग्न केलेला, परवा दारूबंदीच्या मोर्चात दिसलेला. सह्यांचा कागद काय, कुणाच्याही नावानं फिरवता येतो. आणि नंतर कळलं ते असं, की त्या तेवीसांतल्या एकाही पालकानं दाखला मागितला नव्हता.

चौथ्या आरोपाबद्दल मला सविस्तर लिहायचंय, कारण तिथे मी चुकत होते.

मस्टर समोर आणलं. एप्रिल आणि जून महिन्यातले दोन दिवस. सकाळची सही आहे, दुपारची आहे, आणि दोन्ही दिवशी पाचव्या तासानंतर ती शाळेत नव्हती. सातव्या तासाला नववी ब रिकामी बसलेली होती. एका दिवशी पोरांनी बाकं वाजवली म्हणून पर्यवेक्षकांनी जाऊन गप्प केलं, ते त्यांच्या लॉगबुकात होतं. मी तिची प्रतिनिधी म्हणून तयारी करून आले होते की मुख्याध्यापकांनी तोंडी परवानगी दिली असणार, आणि तोंडी असल्यामुळे त्यांना ती नाकारता येतेय. तिला बोलायला सांगितलं तर ती म्हणाली, "नाही बाई. मी विचारलंच नव्हतं. दोन्ही दिवशी कोर्टात तारीख होती. दुपारच्या सह्या मी सकाळीच करून ठेवल्या होत्या."

खोलीत शांतता झाली. निमंत्रकांनी विचारलं, किरकोळ रजा शिल्लक होती ना? होती, आठ दिवस. अर्ज का दिला नाही?

ती म्हणाली, मागच्या वर्षी अर्जात "घरगुती कारण" लिहिलं होतं, तर ऑफिसातून विचारलं, काय घरगुती? सांगितल्याशिवाय पुढे जात नाही. तेव्हा तिनं आईच्या दवाखान्याचं खोटं सांगितलं. पुन्हा खोटं सांगायचं जिवावर आलं, आणि "कौटुंबिक न्यायालय" असं खरं लिहिलं असतं तर मधल्या सुट्टीच्या आत ते स्टाफरूममध्ये पोचलं असतं.

माझ्या सव्वीस वर्षांच्या नोकरीत मी असे शेकडो अर्ज पाहिले. बाईच्या रजेच्या अर्जाखाली "कारण स्पष्ट करावे" असा शेरा मी स्वतः, पर्यवेक्षक असताना, मारला आहे. त्या दिवशी मला तो शेरा आठवला. तिची चूक खरी होती. दुपारची सही सकाळी करणं म्हणजे खोटी हजेरी, आणि नववी ब चे दोन तास बुडाले ते बुडालेच. त्या मुलांना तिच्या दाव्याशी कर्तव्य नाही. पण ती चूक तिच्या राहणीतून आली नव्हती. आपण तिच्या अर्जात नाक खुपसलं, म्हणून तिनं तो अर्ज देणंच टाळलं. शिक्षकाचं घर खासगी राहू दिलं असतं, तर तिचं मस्टर स्वच्छ राहिलं असतं.

शेवटची बैठक डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात झाली, 120 दिवसांची मुदत भरायच्या आत. पुरस्कारप्राप्त सदस्य भुदरगड तालुक्यातल्या एका शाळेत शिकवत होते, निवृत्तीला आलेले. त्यांना आम्ही सगळे गुरुजी म्हणत होतो. धोतर-टोपीतला माणूस, बैठकीला एसटीनं यायचे, स्वतःचा डबा आणायचे. ते कुणीकडे झुकतील याचा मला शेवटपर्यंत अंदाज नव्हता. मतं नोंदवायच्या आधी ते म्हणाले:

"हे बघा, मला हे न्हाई पटत. माझ्या घरात असं कुणी केलं असतं तर मी बोललो असतो, आणि बोलायचा मला अधिकार होता, कारण ते माझं घर. खरं मला इथं ते विचारलेलंच न्हाई. मला विचारलंय, ह्या बाईला पोरांपुढं उभं राहू द्यायचं का. तीन महिने मी प्रत्येकाला विचारत आलो, वर्गात काय बिघडलं? एक मस्टर सोडलं तर कुणी काही दाखवलं न्हाई."

पहिला आरोप दोन विरुद्ध एक मतानं सिद्ध न झालेला ठरला. तिसराही तसाच. दुसऱ्यावर निमंत्रकांनीही हट्ट धरला नाही. कणीस खाणाऱ्या दोन माणसांच्या त्या झेरॉक्सकडे तीन महिने पाहिल्यावर त्यांनाच ते जड झालं असावं. चौथा तिघांनीही सिद्ध मानला, मीही. शिक्षा लेखी ताकीद, आणि त्या दोन दिवसांची रजा मांडून घेणे. समितीचा निर्णय अमलात आणणं संस्थेवर बंधनकारक असतं, तो आणला गेला.

एक गोष्ट मात्र माझ्या मनात सलते आहे. त्याच शाळेतल्या एका शिक्षकावर काही वर्षांपूर्वी बायकोच्या छळाचा, 498 अ चा गुन्हा दाखल झाला होता. तो जामिनावर सुटला आणि दुसऱ्या सोमवारी वर्गात होता. कुणी अर्ज दिला नाही, ग्रुपवर फोटो आला नाही, जामीनदार म्हणून दोन सहकारी गेले. मी हे बैठकीत काढलं तेव्हा निमंत्रकांनी हरकत घेतली की तो विषय या चौकशीपुढे नाही. ते बरोबर होते, मी शब्द मागे घेतले. आणि माझाच निकष लावला तर गुन्हा शाबीत होईपर्यंत त्यालाही वर्गातून काढायचं कारण नव्हतं. पण ज्या पेठेला एका बाईच्या खांद्यावरचा हात दिसतो, त्या पेठेला दुसऱ्या बाईच्या अंगावर उगारलेला हात का दिसत नाही, हे मला अजून कुणी समजावलेलं नाही. तोच शिक्षक आपल्याच वर्गातल्या पोरांच्या शिकवण्या घेतो. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 28 नं शिक्षकाला खासगी शिकवणीची बंदी आहे. ते खासगी आयुष्य नव्हे, पेशाचाच भाग आहे, आणि त्यावर कुणी सह्या गोळा करत नाही.

जानेवारी 2023 पासून तिला तास परत मिळाले. वर्गशिक्षकपद दिलं नाही, आजही नाही. त्याबद्दल दाद मागता येत नाही, कारण वर्गशिक्षकपद हे काही पद नव्हे, मुख्याध्यापकांची वाटणी आहे. सेवाज्येष्ठतेनं पर्यवेक्षकपदाची पाळी आली की त्या ताकीदीचा कागद कुणीतरी काढेल, हे तिला ठाऊक आहे आणि मलाही.

2024 च्या मे महिन्यात घटस्फोटाचा हुकूम झाला. जूनमध्ये शाळा उघडल्यावर सचिव तिला म्हणाले, चला, आता लग्न करून टाका म्हणजे विषय संपला. अजून ठरवलेलं नाही, असं ती म्हणाली. त्याच आठवड्यात तिनं ऑफिसात जाऊन एनपीएसचा, म्हणजे निवृत्तिवेतन योजनेचा, नामनिर्देशनाचा फॉर्म मागितला. सेवापुस्तकात वारस म्हणून अजून नवऱ्याचं नाव होतं. क्लार्कनं कपाटातून सेवापुस्तक काढलं, पान उलटलं, पेन हातात देत विचारलं, "कुणाचं घालायचं, मॅडम?" एवढंच विचारलं, पुढे काही नाही. तिनं आईचं नाव लिहिलं, नातं लिहिलं, सही केली. सहाव्या तासाची घंटा झाली होती. हातातला खडू तिनं फॉर्मवर ठेवला होता, त्याचा पांढरा ठसा झटकून ती नववी ब कडे गेली.